सत्तेचाळीस नंबरची प्लेट

नाही, पण मला एक सांगा, रंग बसतो कशावर? हवेवर? ढगावर? लोखंडावर बसतो ना? आणि लोखंड काय आईच्या पोटातून चकचकीत होऊन येतं? अहो, आमच्याकडं येतं तेव्हा त्याच्यावर गंज असतो, भट्टीतली काळी खपली असते, तेल असतं, ग्रीस असतं, कुणीतरी खडूनं लिहिलेला फोन नंबर असतो, एकदा तर एका प्लेटीवर डांबरात रुतलेली अख्खी चप्पल आली होती, डाव्या पायाची! हे सगळं काढतं कोण? मी! बावीस वर्षं! आणि मग त्या स्वच्छ केलेल्या लोखंडापुढं एक माणूस येतो, पांढरेशुभ्र कपडे घालून, हातात रंगाची गन घेऊन, फुस्स... फुस्स... की लोक लगेच, "वा! काय काम आहे!" कुणाचं काम? फुस्सवाल्याचं! रंग दिसतो हो सगळ्यांना. खालचं बघतं कोण?

बरं, हा फुस्सवाला कुणी परका असता ना, तर मी चकार शब्द काढला नसता, गिळून टाकलं असतं. पण तुम्हाला सांगतो, तो माझा साडू आहे! बायकोच्या सख्ख्या धाकट्या बहिणीचा नवरा! आणि ह्याला कारखान्यात चिकटवला कुणी? मीच! सात वर्षांपूर्वी बायको म्हणाली, "अहो, धाकटीचा नवरा घरी बसून आहे, तुमच्याकडं बघा ना काहीतरी." मी गेलो फोरमनकडं. फोरमन म्हणाला, "ब्लास्टिंगला घेऊ, तुझ्या हाताखाली?" आणि मी, ह्याच तोंडानं, हे बघा, ह्याच... मी म्हटलं, "नको साहेब, नाजूक प्रकृतीचा आहे, धूळ सोसायची नाही, त्याला रंगाला घ्या." लोकांच्या पायावर धोंडा पडतो तो चुकून पडतो हो. मी तो लांबून उचलून आणला, नेम धरला आणि टाकला!

आता ब्लास्टिंग म्हणजे काय, ते सांगतो, कारण तुम्हालाही माहीत नसणार, तुमचा दोष नाही, खालचं बघतं कोण? लोखंडाचे बारीक टोकदार खडे असतात, ग्रिट म्हणतात. ते हवेच्या दाबानं पाइपातून सुटतात, बंदुकीच्या छऱ्यासारखे, आणि तो पाइप धरून बंद खोलीत उभा मी. अंगात जाड चामड्याचा सूट, डोक्यावर घागरीएवढं हेल्मेट, श्वासाची हवा मागून नळीनं येते, आवाज इतका की देवानं हाक मारली तरी ऐकू यायचं नाही. उन्हाळ्यात त्या सूटमधून बाहेर आलो की बुटातून घाम ओततो मी, ओततो! पण सुरुवात तिथंही नाही बरं का. आधी प्लेट धुवायची, तेल-ग्रीस काढायचं, स्वच्छ फडक्यानं पुसायचं. तेलावरच ब्लास्टिंग मारलं तर ते तेल जातं का? छे! ते खड्यांनी ठोकून ठोकून आणखी आत बसतं. मग मारा, इंचाइंचावर, कोपऱ्यात, भोकाच्या कडेला. मग धूळ उडवायची. आणि मग जे लोखंड निघतं ना... करडं, एकसारखं, ना चमक ना डाग, काल दाढी केलेल्या हनुवटीला आज सकाळी असते तेवढीच खरखर. त्या खरखरीत रंग पाय रोवतो! आणि त्याला हात लावायचा नाही. बोटसुद्धा नाही. बोटाचा घाम लागला तरी रंगाखाली खोड राहते. म्हणजे माझं सगळ्यात चांगलं काम असं, की ते मलाच चाचपून बघता येत नाही. आणि काही तासांच्या आत त्याच्यावर रंगाचा पहिला हात बसलाच पाहिजे, नाहीतर गंज पुन्हा हजर. म्हणजे माझं काम जगात राहतं किती वेळ? एक जेवणाची सुट्टी! मग फुस्स. संपलं. झाकलं.

घरी तरी सुख असावं ना? सासूबाईंचं दार साडूनं रंगवलं. एक दार! निळं. तर त्या दारासमोर सासूबाई शेजारणींना उभ्या करतात, "धाकट्या जावयांचा हात बघा." अहो, त्या दाराचा जुना रंग खरवडून, भेगा बुजवून, पॉलिश पेपर कुणी मारला? दोन रविवार? थोरल्या जावयानं! पण थोरला जावई कसा, तर, "हे आमचे थोरले. हे पण तिथंच असतात." हे पण! तिथंच! असतात! जसा कारखान्यात एक नळ असतो, एक जिना असतो, तसा मी असतो!

आणि नोटीस बोर्डावर फोटो कुणाचा? साडूचा. दोनदा. दुसऱ्या फोटोत तर तो एका रंगवलेल्या खांबाला टेकून उभा आहे. माझ्या खांबाला! मी त्या बोर्डाकडं बघत नाही. जाता-येता बघत नाही. परवा बघितलं नाही तेव्हा त्याच्यावर जरा धूळ बसलेली होती.

तर झालं असं. आम्हाला काम आलं नदीवरच्या पुलाचं. माणसांनी चालत जायचा पूल, त्याच्या कठड्याच्या एकशेवीस प्लेटी, कोपऱ्यात नंबर ठोकलेल्या, पण आलेल्या उलटसुलट क्रमानं. कारखान्याचं सगळ्यात मोठं काम. मी त्या प्लेटी अशा काढल्या, अशा काढल्या... जाऊ द्या, मी सांगून काय उपयोग. शेवटचा ढीग चालला होता, आणि फोरमन पाहुणे घेऊन आला. ज्यांचा पूल, ते लोक. सात-आठ जण, सगळे इस्त्रीतले. साडू पुढं झाला, रंगाचे नमुने दाखवायला लागला, "हा आकाशी, हा त्याहून जरा गडद..." पाहुणे माना डोलावतायत. मी तेवढ्यात खोलीतून बाहेर आलो, सूटमध्ये, हेल्मेट डोक्यावर. एक पाहुणा दचकला. खरंच दचकला! साडूला विचारतो, "आणि हे काय?" हे कोण नाही, हे काय! साडू तोंड उघडतोय तोवर फोरमन मध्येच म्हणाला, "ते काही नाही साहेब, ती साफसफाई."

साफसफाई.

बावीस वर्षं... साफसफाई! तुम्हाला सांगतो, हेल्मेटच्या आत मी काय काय बोललो, बरं झालं त्यातला आवाज बाहेर जात नाही. पाहुणे हसले, पुढं गेले, आणि साडू त्यांच्याबरोबर गेला जेवायला! पाहुण्यांबरोबर! मी डबा उघडला एकट्यानं, ब्लास्टिंगच्या खोलीबाहेर, समोर माझ्या प्लेटी रांगेत उभ्या, तीस-पस्तीस, करड्या, कोऱ्या, दोन वाजता त्यांच्यावर साडूची गन चालायची होती. मी जेवतोय, जेवणात मन नाही. जळतोय नुसता. आणि हाताकडं लक्ष गेलं. बोटांना भाजीचं तेल.

आता तुम्ही म्हणाल, माणूस एवढा खाली जातो का? जातो हो! मी उठलो, इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि सत्तेचाळीस नंबरच्या प्लेटीवर, मधोमध, हा असा पंजा... ठेवला आणि दाबला! कारण मला माहीत होतं ना पुढं काय होणार. तेलावर रंग बसतो, छान दिसतो, चमकतोसुद्धा. वर्ष-सहा महिन्यांनी फोड येतो. मग तो फुटतो. मग पापुद्रा सुटतो, आणि पुलावरून जाणारा प्रत्येक माणूस म्हणतो, "रंगारी कच्चा होता." रंगारीच म्हणणार! माझ्यावर कसं येईल? खालचं बघतं कोण?

आणि गेलो निघून. अर्ध्या दिवसाची रजा आधीच टाकलेली होती, सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडं न्यायचं होतं. तिथं बाकावर बसलो. आत डॉक्टर विचारतोय, "आजी, ही ओळ वाचा," आणि सासूबाई, "ती काय छापलीच नाहीये नीट." आणि मला समोरच्या पांढऱ्या भिंतीवर काय दिसतंय? पंजा. तेलाचा. पाच बोटं. खोटं कशाला बोलू, साडूचं वाईट नाही वाटलं मला. अजिबात नाही! मला प्लेटीचं वाईट वाटलं. बावीस वर्षांत माझ्या हातून घाणेरडं लोखंड पुढं गेलेलं नाही. एक नाही! आणि त्या कठड्याला कुणीतरी टेकून उभं राहणार, एखादी म्हातारी दम खायला थांबणार, आणि तिथंच गंज... सासूबाई बाहेर आल्या, म्हणाल्या, "चेहरा का असा? धाकट्या जावयांची तब्येत बरी आहे ना?" घ्या! चेहरा माझा, तब्येत त्यांची!

दुसऱ्या दिवशी गेट उघडायच्या आत मी हजर. धावत आत गेलो. एकशेवीसच्या एकशेवीस प्लेटी पहिल्या थरानं झाकलेल्या. सत्तेचाळीस नंबर पण. एकसारखी, शहाण्या मुलीसारखी गप्प उभी. आता काय करू? बोलू कसं? "साहेब, ही पुन्हा काढा, ह्याच्या खाली माझा पंजा आहे"? आज बोलू, उद्या बोलू, करता करता दुसरा थर बसला, वर आकाशी बसला, सगळा कारखाना बघायला आला, आणि साडूचा तिसरा फोटो निघाला. एकशेवीस प्लेटींसमोर. नेमका सत्तेचाळीस नंबरच्या शेजारी उभा राहिला मेला.

मग आल्या तपासणीच्या बाई. बुटक्या, जाड भिंगाचा चष्मा, खांद्याला पिशवी. फोरमन पुढं नाचतोय, "बाई, चमक बघा, चमक!" बाई म्हणाल्या, "चमक मला चमच्यातही दिसते. रंग धरलाय किती ते बघायचंय." मी कान टवकारले. त्यांनी पिशवीतून बटणाएवढे धातूचे ठोकळे काढले. हे ठोकळे रंगावर जबरदस्त गोंदानं चिकटवायचे, एक दिवस वाळू द्यायचे, आणि मग यंत्र लावून उपटायचे. किती जोर लावल्यावर सुटतो, तो आकडा. पाचच्या आत सुटला तर सगळं काम परत! एकशेवीस! फोरमन म्हणाला, "कुठल्याही प्लेटीला लावा बाई." बाईंनी डोळे मिटल्यासारखं केलं. "बारा... नव्वद... आणि..." मी मनात म्हणतोय, तीन म्हणा, सोळा म्हणा, एकशेदहा म्हणा, माझी शपथ आहे तुम्हाला... "...सत्तेचाळीस."

आणि चिकटवला कुठं? मधोमध!

संध्याकाळी गेटवर साडूला गाठला. म्हटलं, "साडूभाऊ, ती सत्तेचाळीस नंबरची..." तो म्हणाला, "हां, चांगली आहे ती." म्हटलं, "चांगली नाही हो, तिच्या खाली..." तो सायकलवर टांग टाकत म्हणाला, "साडूभाऊ, उद्या बोलू, धाकटीनं भाजी आणायला सांगितलीय, दुकान बंद होईल." गेला! शिट्टी वाजवत! माझं आयुष्य उद्या सकाळी उपटलं जाणार होतं आणि हा मनुष्य भेंडी घ्यायला गेला!

दुसऱ्या दिवशी सगळे गोल करून उभे. मालकसुद्धा आलेले. बाईंनी यंत्र लावलं बारा नंबरला. काटा चढला, पाच, सात, नऊ... टक्! नऊ. फोरमनचा जीव भांड्यात. नव्वद नंबर... टक्! साडेनऊ. मग सत्तेचाळीस. मी मागच्या मागं सरकलो, भिंत आली. काटा चढायला लागला. दोन. तीन. म्हटलं, आता सुटणार. चार. आता. पाच... अहो, पाच गेले! सात. नऊ. दहा! मी पुढं आलो. बारा! सगळे पुढं आले. चौदा... टक्! बाईंनी ठोकळा उचलून चष्म्याजवळ नेला. म्हणाल्या, "रंग सुटलाच नाही. गोंद सुटला."

मी त्या प्लेटीकडं बघतोय. असं कसं? माझं तेल गेलं कुठं?

आणि मग बाईंनी मान वर केली आणि विचारलं... ऐका हं, बावीस वर्षं मी ज्या एका वाक्याची वाट बघत होतो, ते वाक्य... बाईंनी विचारलं, "ह्याच्या खालची तयारी कुणी केलीय?"

फोरमनला प्रश्नच कळला नाही. मालक रंगाच्या डब्याकडं बघायला लागले. आणि साडू पुढं झाला, माझ्या दंडाला धरून मला ओढत आणलं, म्हणाला, "ह्यांनी. माझे साडू. बावीस वर्षं हेच करतायत." बाईंनी हात पुढं केला. माझा हात हातात घेतला! म्हणाल्या, "रंगाचं श्रेय सगळेच घेतात. पण पूल टिकणार तो तुमच्यामुळं." टाळ्या! मालकांनी खांद्यावर हात ठेवला! फोरमन, तोच, साफसफाईवाला, ओरडतोय, "फोटो काढा, फोटो!" आणि मी हसतोय. कसं हसतोय, ते त्या फोटोत बघा कधी. दात काढल्यावर डॉक्टर हस म्हणाला तर माणूस हसेल, तसा.

नळावर गाठला त्याला. हात धूत होता. म्हटलं, "साडूभाऊ, त्या प्लेटीवर..." तो म्हणाला, "पंजा होता. बघितला मी. दोन वाजता गन घेऊन आलो तर समोर पंजा, आणि करंगळी निम्मी." आता ही माझी करंगळी... ही बघा, लहानपणी दारात सापडलेली. अख्ख्या कारखान्यात निम्मी करंगळी एकच! मी म्हटलं, "मग?" तर म्हणाला, "मग काय, तुम्ही गेला होतात. बाजूला घेतली, धुतली, पुसली, पुन्हा धुतली, तुमचा सूट घातला, मारलं ब्लास्टिंग. तासभर लागला. भीती वाटत होती, तुमच्यासारखं जमतंय की नाही."

म्हणजे... लक्षात येतंय का तुमच्या? एकशेवीस प्लेटींपैकी एकशे एकोणीस माझ्या. एक त्याची. आणि चौदा आला तो त्या एकीवर! टाळ्या त्या एकीच्या! मला बावीस वर्षांत एकदा मान मिळाला, तो माझ्या कामाला नाहीच, साडूच्या कामाला!

मी म्हटलं, आता लपवण्यात काय राम आहे. म्हटलं, "साडूभाऊ, तो चुकून नव्हता लागला." तो नळ बंद करत म्हणाला, "माहीत आहे. चुकून लागलेला हात घसरतो. तो दाबलेला होता." अहो, मेल्याहून मेल्यासारखं झालं! म्हटलं, "मग सगळ्यांसमोर माझं नाव कशाला घेतलंत?" तर म्हणाला, "बाकीच्या एकशे एकोणीस कुणाच्या आहेत? त्यांना कुणी विचारलं असतं कधी? आज विचारलं, तर सांगितलं." आणि वर म्हणाला, "त्या दिवशी फोरमननं तुम्हाला साफसफाई म्हटलं, तेव्हा मी बोलायला पाहिजे होतं. माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. जेवणही गेलं नाही मग." आता अशा माणसावर जळायचं तरी कसं? सांगा ना! ती पण सोय ठेवली नाही त्यानं!

शेवटी मी विचारलं, "पण तुम्ही ब्लास्टिंग शिकलात कुठं?" म्हणाला, "तुमच्याकडं. त्या खोलीच्या दाराला काच आहे ना. माझ्या प्लेटी तयार होईपर्यंत मी तिथंच उभा असतो. सात वर्षं बघतोय तुमचा हात." सात वर्षं! मी आतून बोंबलतोय, खालचं बघतं कोण, खालचं बघतं कोण... आणि काचेला नाक लावून हा उभा! ज्यानं बघू नये असं वाटावं, तोच तेवढा बघत होता!

आता माझा फोटो बोर्डावर आहे, साडूच्या शेजारी. सासूबाईंनी चार बायकांना गोळा करून सांगितलं, "पूल उभा आहे तो आमच्या थोरल्यांमुळं." बायकोनं सणाची साडी ठेवावी तसं मला जपून ठेवलंय. पण खरं सांगू? त्या दिवसापासून साडूला गोडी लागलीय. रंगाचं काम संपलं की येतो दारात, "साडूभाऊ, दमला असाल, दोन-चार प्लेटी मी मारू का?" आणि नाही कसं म्हणू? माझा पंजा आहे ना त्याच्या पोटात! तो माझा सूट घालतो, माझं हेल्मेट घालतो, आत जातो, आणि मी बाहेर चहाचा कप घेऊन उभा. पहिल्या दिवशी तासाला एक मारत होता. मी म्हटलं, ठीक आहे, तासभर घासली तर कुणाचीही चांगली निघेल. गेल्या आठवड्यात तासाला दहा. काल मी मुद्दाम घड्याळ लावलं. माझ्या चौदा होतात तासाला. त्याच्या सोळा झाल्या. म्हटलं, गडबडीत कोपरे सोडले असणार. गेलो आत, चष्मा लावला, एकेक प्लेट बघितली, कोपरा, कड, भोक, सगळं...

काय सांगू तुम्हाला. छान मारतो हो!